स्वस्त डिजिटल कॅमेऱ्याची पारख

(द्वितीय वर्ष, कला)

माठ घेताना आई तो बोटाने वाजवून पाहते. बैल घेताना जाणती माणसे त्याचे दात पाहतात. कॅमेरा घेताना मात्र आपण खोक्यावर छापलेला मोठा आकडा वाचतो आणि समाधान मानतो. खिशात मावणारा स्वस्त डिजिटल कॅमेरा कसा पारखावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या विचाराला निमित्त घडले ते इतिहास विभागाच्या ग्रामसर्वेक्षणाचे. आमच्या गावी मारुतीच्या देवळामागे चार वीरगळ उभे आहेत. त्यांची छायाचित्रे प्रकल्पाला जोडायची होती. घरात मोबाईल एकच, आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. तेव्हा ‘कमवा आणि शिका’ योजनेत मिळालेल्या पैशातून मी बाराशे रुपयांना एक वापरलेला कॅमेरा घेतला. वडील एवढेच म्हणाले, “एवढ्यात पंधरवड्याचा किराणा आला असता. मोबाईलमदी फोटू येत न्हाई का?” या प्रश्नाचे उत्तर देणे मला भाग होते.

प्रथम थोडी पार्श्वभूमी पाहू. प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करून चित्र टिपणारी सीसीडी ही चकती विलार्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली बेल प्रयोगशाळेत कल्पिली. त्याबद्दल २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याच्या चित्रात अवघे दहा हजार बिंदू होते, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात दहा मेगापिक्सेल, म्हणजे एक कोटी बिंदू आहेत.

पण इथेच फसगत होते. चार बाय सहा इंची छायाचित्र छापताना दर इंचास ३०० बिंदू धरले, तर १,२०० गुणिले १,८०० म्हणजे २१ लाख ६० हजार बिंदू पुरतात. बाकीचे बिंदू मोठी छपाई किंवा चित्राचा तुकडा कापणे यासाठीच उपयोगी पडतात. खरा प्रश्न हे बिंदू केवढ्या जागेत दाटीने बसवले आहेत, हा आहे. अशा बहुतेक कॅमेऱ्यांत संवेदक सुमारे ६.१७ बाय ४.५५ मिलिमीटरचा, म्हणजे २८ चौरस मिलिमीटरचा असतो. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटरची असे. हा संवेदक तिच्या तिसाव्या हिश्श्याएवढा झाला. अंगणात ताट ठेवले काय आणि वाटी ठेवली काय, पाऊस सारखाच पडतो. पण वाटीत पाणी थोडेच साठते. प्रकाशाचेही तसेच आहे. म्हणून उन्हात हा कॅमेरा चांगले काम देतो, आणि अंधाऱ्या खोलीत त्याची चित्रे दाणेदार व पुसट होतात.

झूमचेही असेच आहे. भिंग पुढेमागे सरकून जो झूम होतो तो खरा. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून तो ताणणे होय. तो बंद ठेवावा.

यानंतर मी चार कसोट्या घेतल्या. पहिली वेगाची. सेकंदकाटा बारावर येताच कळ दाबली. चित्रात काटा पुढे सरकलेला दिसला. कळ आधी अर्धी दाबून ठेवली आणि मग पूर्ण दाबली, तेव्हा हा उशीर पुष्कळ कमी झाला. दुसरी कसोटी सेलची. साध्या पेन्सिल सेलवर थोडीच चित्रे निघाली. पुन्हा चार्ज होणारे सेल बरेच अधिक टिकले. जुना कॅमेरा घेताना हा खर्चही किमतीत धरावा.

तिसरी कसोटी वीरगळांची. भर दुपारी काढलेल्या चित्रात दगड सपाट दिसला, योद्ध्याची तलवारही ओळखू येईना. फ्लॅश लावला तर अधिकच वाईट, कारण फ्लॅश भिंगाला चिकटून असतो आणि समोरून पडणारा उजेड कोरीव कामाची सावलीच पुसून टाकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तिरपे असताना गेलो. तेव्हा ढाल, घोडा आणि वरच्या चौकटीतील शिवलिंगसुद्धा उठून दिसले. कॅमेरा तोच होता, फक्त वेळ बदलली होती.

चौथी कसोटी आजीची. तिचे आजवरचे एकमेव छायाचित्र आधार कार्डावर आहे, आणि ते तिला आवडत नाही. घरात चुलीजवळ फ्लॅश लावून काढले तर चेहरा पिठासारखा पांढरा आला आणि डोळे मिटले. फ्लॅश बंद केला तर चित्र हलले. शेवटी तिला उंबरठ्यावर, बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून बसवले. कॅमेरा हलू नये म्हणून विटांवर ठेवला आणि दोन सेकंदांचा टायमर लावला. या चित्रात तिच्या कपाळावरचे गोंदणही स्पष्ट आले.

मोबाईल अनेक चित्रे एकत्र जोडून अंधाराची उणीव बरीच भरून काढतो, हे मान्य केले पाहिजे. ज्याच्या हाती चांगला मोबाईल आहे, त्याने असा कॅमेरा घेण्याची घाई करू नये. मात्र ज्याच्या हाती काहीच नाही, त्याला स्वस्त कॅमेराही पुष्कळ देऊ शकतो. त्यासाठी त्याच्या मर्यादा आधी जाणून घ्याव्यात आणि आपण त्याच्यापुढे उजेड आणून द्यावा. खोक्यावरच्या आकड्यापेक्षा आपले काम कोणते, हे आधी ठरवणे हीच खरी पारख होय.

आजीचे छायाचित्र तालुक्याला छापून आणले. वडिलांनी ते बराच वेळ हातात धरले आणि देव्हाऱ्याशेजारी खिळा ठोकला. किराण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.