शेतीच्या रिकाम्या महिन्यांतील रोजगार

मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे परिसरात कोरडवाहू कपाशी हे महत्त्वाचे पीक होय. निंदणी व वेचणी बहुधा स्त्रियांकडे, डवरणी पुरुषांकडे असते. वेचणी संपली की ओलिताविना शेतात काम उरत नाही. भूमिहीन कुटुंबे परगावी जातात व मुलांची शाळा सुटते.

1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने 1977 मध्ये रोजगार हमी कायदा केला. मागणीनंतर 15 दिवसांत काम, अन्यथा बेकारी भत्ता, हे त्याचे तत्त्व 2005 च्या केंद्रीय कायद्यानेही स्वीकारले.

यास्तव ग्रामकार्यकर्त्यांनी वेचणी संपण्यापूर्वीच मजुरांची यादी करावी, स्त्रियांची नावे स्वतंत्र नोंदवावीत, लेखी अर्ज करवून घ्यावेत व तारखेची पोच प्रत्येकास मिळवून द्यावी. तारीखच नसेल तर 15 दिवस कोठून मोजावयाचे?