गिझरची लाइन वेगळीच हवी

पोरी, डोंबिवलीचा फ्लॅट घेतलास, फार बरं वाटलं. आता तिथं पंचवीस लिटरचा गिझर आणि दीड टनाचा एसी बसवायचा म्हणतेस. जरूर बसव. पण इमारत जुनी आहे, म्हणून वस्तू घरी यायच्या आधी माझं एवढं ऐक. दुकानदार विचारेल, ‘पंधराचा प्लग आहे ना घरात? मग झालं!’ तेवढ्यानं काही होत नाही. तो प्लग कुठल्या वायरीवर आहे आणि त्याच वायरीवर आणखी काय काय चालतंय, हे कळल्याशिवाय गिझरचा खोका उघडू नकोस.

जुन्या फ्लॅटमधली वायरिंग ट्यूबलाइट, पंखे, फ्रिज आणि फार तर मिक्सर एवढा हिशेब धरून केलेली असते. स्वयंपाकघर आणि मोरी मिळून एकच लाइन, आणि पॉवर प्लगही तिच्यातूनच फोडलेला. त्यावर आता दोन हजार वॉटचा गिझर घाल. आपल्याकडे दाब 230 व्होल्ट, म्हणजे गिझर एकटाच पावणेनऊ अँपिअर ओढतो. तीन लिटरचा झटपट गिझर बहुतेक तीन हजार वॉटचा असतो, तो तेरा अँपिअर खातो. त्याच वेळी कोणी वॉशिंग मशीन गरम पाण्यावर लावलं, की सगळा भार त्या एका वायरीवर. आणि हे पक्कं लक्षात ठेव, वायरीतला करंट दुप्पट झाला की तिच्यातली उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. भिंतीच्या आत काय तापतंय ते कोणाला दिसत नाही, म्हणून तर भीती.

तेव्हा गिझरला एक आणि एसीला एक, अशा दोन स्वतंत्र लाइनी डीबीपासून, म्हणजे घरातल्या मुख्य वीजपेटीपासून, ओढून घ्यायच्या. स्वतंत्र म्हणजे फेज, न्यूट्रल आणि अर्थ, तिन्ही वायरी स्वतःच्या. मध्ये कुठला दिवा नाही, कुठला पंखा नाही, ‘फक्त मोबाइल चार्जरपुरता’ काढलेला प्लगही नाही.

वायर कुठली? वायरमन लोक दीडची, अडीचची, चारची म्हणतात, ते तांब्याचं चौरस मिलिमीटरमधलं माप. दिव्यापंख्याला दीडची पुरते, साध्या पॉवर प्लगला अडीचची. दोन हजारांच्या गिझरला अडीचची चालते, पण तू दोन्हीकडे चारचीच टाक. मजुरी तेवढीच पडते, भिंत एकदाच फुटते, आणि उद्या मोठा गिझर घेतलास तरी वायर बदलावी लागत नाही. वायरीवर आयएसआय मार्क आणि आयएस 694 छापलेलं असतं, ते स्वतः वाचून घे. जुनी वायरिंग अ‍ॅल्युमिनिअमची निघाली, तर तिला तांब्याची वायर पिळून वर टेप मारू देऊ नकोस. तो जोड आतून गंजतो, सैल पडतो आणि तापायला लागतो.

आता एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारी कळ. ती वायरीची राखण करते, गिझरची नाही, हे नीट समजून घे. म्हणून आधी यंत्राचा भार, मग त्याला पेलणारी वायर, मग वायर आणि प्लग दोन्हींना झेपेल अशी एमसीबी, या क्रमानं जायचं. सोळा अँपिअरचा प्लग असेल तर सोळाची एमसीबी. एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर जास्त करंट घेतो, त्यासाठी सी प्रकारची घे. वारंवार पडायला लागली, की एखादा म्हणेल, ‘ताई, बत्तीसची लावून देतो, परत पडणार नाही.’ अशा माणसाला चहा पाजून वाटेला लाव. ती पडत नाही तेव्हा वायर जळत असते.

मी आयुष्यभर जळालेले पॉवर प्लग उघडून पाहिले. बहुतेक वेळा दोष लोडचा नसतो, सैल स्क्रूचा असतो. कव्हर काढलं की एकाच भोकाभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी झालेलं, थोडं फुगलेलं. त्याच स्क्रूपाशी वायरीचं आवरण कडक झालेलं, वाकवलं तर तडकतं. शेजारचा दुसरा स्क्रू मात्र नव्यासारखा चकचकीत. रोज सकाळी गिझर लागतो, तार तापून फुगते, बंद झाला की आक्रसते, आणि आधीच ढिला असलेला स्क्रू दिवसेंदिवस आणखी ढिला होत जातो. म्हणून वायरमन प्लग जोडत असताना समोर उभी राहा. आवरण सोलताना एकही तार तुटता कामा नये, तारा घट्ट पिळलेल्या हव्यात, आणि स्क्रू आवळल्यावर वायर ओढून पाहायची. डीबीपासून प्लगपर्यंत अखंड तुकडा, मध्ये जोड नाही. कोकणातल्या आपल्या घरी खाऱ्या हवेनं पितळी स्क्रू हिरवे पडतात, तिथं तर पावसाळ्यानंतर दरवर्षी मेन बंद करून सगळे स्क्रू आवळून घ्यायलाच हवेत.

अर्थिंगचं मात्र जिवावरचं काम आहे, इथं कोणाच्याही शब्दावर जाऊ नकोस. जुन्या घरांत तिसरं जाड भोक कधी नुसतंच असतं, मागे वायरच नसते. त्याहून वाईट म्हणजे मागच्या बाजूनं न्यूट्रलचाच तुकडा अर्थला जोडलेला. टेस्टरनं पाहिलं तर सगळं ठीक वाटतं. पण न्यूट्रल मागे कुठं तुटला, की गिझरचा सगळा पत्रा फेजवर येतो, आणि आपण ओल्या फरशीवर, ओल्या अंगानं नळाला हात घालतो. म्हणून प्लग उघडून तो तुकडा आहे का, ते आधी बघायला लाव, आणि मग मल्टिमीटरनं मोजायला सांग. फेज ते अर्थ 230च्या आसपास यायला हवं, न्यूट्रल ते अर्थ जेमतेम दोन-तीन व्होल्ट. नळाच्या पाइपाला अर्थ बांधतो म्हणाला तर नाही म्हण, आता निम्मे पाइप प्लॅस्टिकचे असतात. सोसायटीचा अर्थिंगचा खड्डा कुठे आहे आणि शेवटचा कधी तपासला, हे सेक्रेटरींना विचार. तीन पिनच्या प्लगमधली वरची जाड पिन लांब का असते ठाऊक आहे? लावताना अर्थ आधी जोडला जावा आणि काढताना शेवटी सुटावा म्हणून. ती पिन कापून दोन पिनच्या भोकात प्लग बसवणारे महाभाग मी पाहिलेत.

एमसीबी शॉकपासून वाचवत नाही, त्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी डीबीत हवीच. तिच्यावर टी लिहिलेलं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं, ती खाली पडली म्हणजे शाबूत आहे. आणि म्हणूनच न्यूट्रल वेगळा म्हटलं. तिच्यावरच्या लाइनीचा न्यूट्रल तिच्याबाहेरच्या लाइनीत मिसळला, की ती विनाकारण पडत राहते, आणि वैतागून लोक तिलाच बगल देतात. इन्व्हर्टरची लाइन असेल तर तिचाही न्यूट्रल यात मिसळू देऊ नकोस.

गिझरचं बटण बाथरूमच्या बाहेर, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारं, लाल दिव्याचं. एक्स्टेन्शन बोर्डावर गिझर कधीच नाही, पाहुणे आले तरी नाही.

काम परवाना असलेल्या माणसाकडूनच. तुला हात चालवायची हौस आहे, ठाऊक आहे मला, पण डीबी उघडायची नाही. महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती किलोवॉट आहे तेही आधी बघ. तो एक-दोनच असेल तर भार वाढवून घ्यायचा अर्ज कर, त्याला लागणारा टेस्ट रिपोर्ट परवानाधारक ठेकेदारच देतो.

भिंत बुजवायच्या आधी वायरीचा पाइप कुठून गेला त्याचे फोटो काढून ठेव, पुढे खिळा मारताना उपयोगी पडतील. डीबीत प्रत्येक एमसीबीखाली नाव लिहून घे. मग गिझर अर्धा तास सलग चालव, बटण बंद कर आणि प्लगच्या कव्हरला हात लाव. कोमट लागलं तर ठीक, चटका बसला तर वायरमनला तिथंच थांबवून स्क्रू पुन्हा उघडायला लाव. राहिलेले पैसे त्यानंतर द्यायचे.