सासूबाईंच्या ताटात काय उरतं?

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत आपण बाळाच्या वजनाबद्दल बोलतो, मुलींच्या रक्तवाढीबद्दल बोलतो. आज घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या ताटाकडे बघू या.

“आता या वयात भूकच लागत नाही गं,” असं सासूबाई म्हणतात आणि आपण ते धरून चालतो. वयानुसार भूक थोडी कमी होते, हे खरं. पण पुष्कळदा कारण वेगळंच असतं. दात पडलेत, भाकरी चावत नाही. एकटीला जेवायचा कंटाळा येतो. नाहीतर नातवंडांना पुरावं म्हणून त्या स्वतःच हात आखडतात. मग चहा-बिस्किटावर दिवस निघतो. पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही. ताकद जाते, तोल जातो. मोरीत पाय घसरून हाड मोडलं, तर माणूस अंथरूण धरतं.

ओळखायचं कसं? बांगड्या सैल होतात, पोलकं ढगळ होतं. महिन्यातून एकदा वजन करून वहीत लिहा. ५० किलोच्या माणसाचं वजन सहा महिन्यांत आपोआप अडीच किलो घटलं, तर “वय झालं” म्हणून सोडू नका. डॉक्टरांना दाखवा. गिळताना सारखा ठसका लागत असेल, तरीही दाखवा.

काय द्यायचं? अंगातली ताकद टिकायला प्रथिनं लागतात. वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १ ग्रॅम, म्हणजे ४५ किलोच्या आजीला ४५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम मिळतात, कपभर दुधातही तेवढेच. मूठभर मूगडाळीच्या वरणात ७ ग्रॅमच्या आसपास. बाकीचं भाकरी, दही, शेंगदाण्यातून येतं. माळकरी असतील तर अंड्याऐवजी डाळ आणि दही वाढवा.

कसं द्यायचं?
- भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करून, मऊ करून द्या.
- शेंगदाण्याचा बारीक कूट भाजीत, खिचडीत घाला.
- नाचणीची आंबील द्या. नाचणीत हाडांना लागणारं कॅल्शियम भरपूर असतं.
- दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्या.
- म्हातारपणी तहान कळत नाही. पाणी, ताक आठवणीने हातात द्या.
- चहा जेवणाला लागून नको, तासाभराने द्या.

साखर, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल, तर गूळ, मीठ, डाळ किती द्यायची ते डॉक्टरांना विचारा.

आणि एक बिनखर्चाची गोष्ट: त्यांना शेजारी बसवून जेवा. सोबत असली की दोन घास जास्त जातात.

या आठवड्यात तीन दिवस एवढंच बघा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या ताटात काय उरलं आणि का उरलं. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने ते सांगायचं. आपणही उद्या त्याच पाटावर बसणार आहोत.