मोबाइलमधील वाचनखुणा

पोथी वाचताना आपण काय करतो? वाचन थांबले, की त्या पानात मोरपीस किंवा दोरा घालून ठेवतो. दुसऱ्या दिवशी पोथी उघडली, की नेमके तेच पान हाती येते. सगळी पोथी चाळावी लागत नाही.

मोबाइलवर इंटरनेटची पाने पाहतानाही अशी खूण ठेवता येते. तिला बुकमार्क म्हणतात. आपण तिला वाचनखूण म्हणू.

खूण कशासाठी?

कोणाला सातबारा पाहायचा असतो. कोणाला उत्पन्नाचा दाखला काढायचा असतो. कोणाला पाऊस येणार का, हे जाणून घ्यायचे असते. दर वेळी नव्याने शोधले, तर ढीगभर पाने पुढे येतात. त्यांत खरे कोणते आणि सोंग घेतलेले कोणते, हे घाईत कळत नाही. सोंगाच्या पानावर बँकेची माहिती आणि फोनवर आलेला ओटीपी भरला, की पैसे गेलेच म्हणून समजा! म्हणून खरे पान एकदा पारखावे, त्यावर खूण ठेवावी, आणि पुढे त्याच वाटेने जावे.

पारख कशी करावी?

पानाच्या वर किंवा खाली एका पट्टीत त्याचा पत्ता असतो. तो इंग्रजी अक्षरांत असतो. भूलेख, आपले सरकार, पीएम किसान आणि हवामान खाते, या चारही ठिकाणांच्या नावाचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' असा आहे. पत्त्यात पहिली तिरपी रेघ येते, तिच्या लगेच आधी ही अक्षरे हवीत. भलतीकडे असली तर उपयोग नाही. इंग्रजी येत नसेल, तर घरातल्या शिकत्या मुलाकडून वाचून घ्यावे. त्यात कमीपणा नाही. अनोळखी निरोपातून आलेल्या पत्त्यावर मात्र खूण ठेवू नये.

खूण कशी ठेवावी?

पुष्कळ फोनांत क्रोम असते. त्यात पान उघडावे. कोपऱ्यात उभे तीन ठिपके दिसतात, त्यांवर बोट ठेवावे. मग चांदणीचे चित्र दिसते. ती चांदणी दाबली, की खूण झाली. पुन्हा पान हवे असले, की त्याच तीन ठिपक्यांत 'बुकमार्क' हा शब्द शोधावा.

नाव आणि कप्पे

इथेच खरी गोम आहे. खुणेला फोन आपणहून नाव देतो. ते लांबलचक, पुष्कळदा इंग्रजी असते. महिन्याभराने ते आपल्याला ओळखू येत नाही. खूण असूनही पान सापडत नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा! म्हणून खुणेशेजारचे ठिपके दाबून नाव लगेच बदलावे. 'सातबारा', 'पाऊस', 'दाखले' असे आपल्या तोंडातले नाव द्यावे. मग बुकमार्कमधल्या शोधात 'सात' एवढे लिहिले, तरी ती खूण पुढे येते.

घरात डाळ, मीठ, तिखट आपण वेगळ्या डब्यांत ठेवतो. तसे खुणांचेही कप्पे करावेत. शेती, दाखले, पैसा, मुलांची शाळा, एवढे चार पुरेत. फार कप्पे केले, तर कशात काय ठेवले तेच आठवत नाही. दसरा आणि पाडवा आला, की आपण घर झाडतो. त्या दिवशी खुणाही झाडाव्या. नको त्या काढून टाकाव्या.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा

१. खूण म्हणजे पत्ता, पान नव्हे. नेट नसेल तर नुसत्या खुणेवरून पान सहसा उघडत नाही. हातात कागद हवा असेल, तर तो उतरवून घ्यावा किंवा छापून घ्यावा.

२. भूलेखचे पहिले पानच खुणेत ठेवावे. जिल्हा, तालुका, गाव ही माहिती दर वेळी भरावीच लागते. तिथे नुसता पाहायचा सातबारा फुकट असतो, पण तो सरकारी कामाला चालत नाही. त्यासाठी डिजिटल सहीचा उतारा पैसे भरून घ्यावा लागतो.

३. खुणेच्या नावात पासवर्ड किंवा पिन कधीही लिहू नये.

आणि इतके करूनही फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितकी घाई कराल, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

प्रश्न

१. वाचनखूण म्हणजे काय?
२. खुणेचे नाव का बदलावे?
३. खरे सरकारी पान कसे ओळखाल?

करून पाहा

आपल्या फोनात हवामान खात्याच्या पानावर खूण ठेवा. तिला 'पाऊस' नाव द्या. उद्या सकाळी ती आपली आपण उघडा. जमले, की शेजाऱ्यालाही दाखवा.