कांद्याच्या प्रश्नानं केलेला वांधा

2024च्या एमबीए सीईटीसाठी क्रिटिकल रीझनिंगचे प्रश्न मी अक्षरशः गोणीनं सोडवले. पंचवटी एक्स्प्रेसचा पास होता. नाशिक रोडला चढलो की कसारा घाटात रेंज जाईपर्यंत वीस-पंचवीस प्रश्न व्हायचे. चुकलं, की खालचं स्पष्टीकरण वाचून ‘हां, बरोबर’ म्हणायचं आणि पुढं. परीक्षेत 150 मिनिटांत 200 प्रश्न, म्हणजे एकाला 45 सेकंद. तिथं सगळं उघडं पडलं.

निकालानंतर चुकलेले प्रश्न काढून बसलो. एक होता आमच्या घरचाच: ‘लासलगावला कांद्याची आवक वाढली आणि भाव पडला, म्हणून आवक रोखली की भाव सावरेल.’ यात काय गृहीत धरलंय? मी टिक केलं होतं, ‘बहुतेक शेतकऱ्यांकडे कांदाचाळ नाही.’ आम्ही निफाडकडचे. चाळीचं दुखणं मला पाठ. वाक्य खरं वाटलं म्हणून निवडलं. पण विचारलं होतं भलतंच.

वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “आणि डिसेंबरात निर्यात बंद केली, ते कुठंय यात?” झालं! भाव पडायला आवकेशिवाय दुसरं कारण नव्हतं, हेच तर गृहीतक. माहिती त्यांच्याकडं माझ्याहून जास्त, पण त्यांनी ती कारण आणि निष्कर्ष यांच्यामधल्या फटीत घातली. मी पर्यायांना खरे-खोटे ठरवत बसलो होतो.

तेव्हा पर्याय हातानं झाकून ठेवा. आधी कारण कोणतं, निष्कर्ष कोणता, हे एका ओळीत लिहा. मग गृहीतक वाटणारा पर्याय उलटा करून पाहा. ‘चाळ आहे’ म्हटलं तरी वरचा युक्तिवाद उभाच राहतो. ‘भाव निर्यातबंदीनं पडला’ म्हटलं की कोसळतो. पहिला महिनाभर घड्याळ लावू नका. दिवसाला आठच प्रश्न, पण चुकीचा पर्याय आपल्याला का आवडला, ते वहीत लिहायचं. कंटाळा येतो, मलाही यायचा.

आणि तुक्का. सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, तिथं शेवटच्या मिनिटाला खुशाल मारा. कॅटमध्ये बहुपर्यायी प्रश्न चुकला की एक गुण जातो. सरावात मात्र तुक्क्यानं बरोबर आलेल्या उत्तरावरही लाल फुली मारा. माझ्या 2024च्या सीईटीच्या वहीत अशी एकही फुली नाही.