वार्धक्यातील विषाद : औषधास संवादाची जोड

अग्निमांद्य, मलावष्टंभ, निद्रानाश अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या वृद्ध रुग्णाच्या मुळाशी पुष्कळदा विषाद असतो. 'मन उदास आहे' असे तो क्वचितच सांगतो. चरकसंहितेत दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्याबरोबर सत्त्वावजय ही तिसरी चिकित्सा सांगितली आहे. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह हे तिचे स्वरूप. आजची संवादचिकित्सा आम्हांस तिच्या निकटची वाटते. अडचणीचे लहान भाग पाडावेत, रोज झेपेल असे एक काम ठरवावे व पुढील भेटीत त्याचा आढावा घ्यावा.

मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्यांचा गुण दिसण्यास कित्येक आठवडे लागतात. तोवर संवादच रुग्णास धीर देतो. या गोळ्या आपण परस्पर बंद करू नयेत. त्यांपैकी काहींमुळे वृद्धांत रक्तातील सोडियम घटून संभ्रम किंवा तोल जाणे संभवते. तसे आढळल्यास त्वरित तपासणी करवावी. गोळ्या नेण्यात खंड पडल्यास औषधविक्रेत्यांनी आपुलकीने चौकशी करावी.

'जगणे नकोसे वाटते का?' हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही. उत्तर होकारार्थी आल्यास रुग्णास एकटे न सोडता त्याच दिवशी तज्ज्ञांकडे न्यावे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात व दुकानात दर्शनी लावावा, अशी आमची विनंती आहे.