शीतगृहांतील वायूची परीक्षा

द्राक्षांचा हंगाम जवळ आला कीं बागाईतदार आपल्या शीतगृहाचें यंत्र तपासून घेतात. थंडावा कमी वाटल्यास कारागीर 'गॅस कमी झाला' असें सांगून तो पुन्हां भरतो. दरसाल ही रीत चालूं ठेवणें हिताचें नाहीं. हा वायू डिझेलप्रमाणें खर्च होत नसतो. तो बंद नळ्यांतून फिरतो. कॉइलमध्यें त्याची वाफ होतांना खोलींतील उष्णता शोषली जाते, व कंडेन्सरमध्यें वाफेचा पुन्हां द्रव होतांना ती बाहेर टाकली जाते. म्हणून वायू खरोखर घटला असेल, तर कोठें तरी गळती आहे असें समजावें. ती न शोधतां वायू भरणें म्हणजे फुटक्या मोटेनें पाणी काढणें होय.

वायूचें प्रमाण केवळ दाबावरून कळत नाहीं. कारण बाहेरील ऊन व आंतील माल यांप्रमाणें दाब बदलतो. यासाठीं दाब व नळीचें उष्णतामान हीं एकाच वेळीं पाहावीं. तत्पूर्वीं कंडेन्सरवरील धूळ व कॉइलवरील बर्फ काढावा, आणि यंत्र सुमारें १५ मिनिटें अखंड चालूं द्यावें.

पहिली परीक्षा कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या नळीची. तेथील दाबास कोष्टकांत उणे ६ अंश येतात व नळी शून्य अंशावर आहे, असें समजा. तर वाफ ६ अंश अधिक तापली. दुसरी परीक्षा कंडेन्सरमधून निघणाऱ्या द्रवाच्या नळीची. दाबावरून ४५ अंश निघाले व नळी ४० अंशांवर असली, तर द्रव ५ अंश अधिक निवाला. एक्सपान्शन व्हॉल्व्ह असलेल्या यंत्रांत एवढे फरक साधारणतः योग्य होत. नेमके आंकडे कारखान्याच्या पत्रकांत पाहावे.

पहिला फरक फार वाढून दुसरा जवळजवळ नाहींसा झाला, तर वायू कमी आहे. पहिला वाढला, पण दुसरा कायम राहिला, तर गाळणी किंवा व्हॉल्व्ह तुंबल्याचा संशय घ्यावा. दुसरा फार वाढून कंडेन्सरचा दाबही चढला, तर वायू जास्त भरला असण्याचा संभव आहे. पहिला फार घटला व कॉइलवर बर्फ सांचला, तर पंखा व हवेचा मार्ग आधीं पाहावा. अशा वेळीं वायू भरल्यास द्रव कॉम्प्रेसरमध्यें शिरून तो निकामी होण्याचें भय असतें.

गळतीच्या जागीं बहुधा तेलाचा डाग दिसतो; सांध्यांस साबणाचा फेंस लावल्यास बुडबुडे येतात. गळती बुजवून, पंपानें नळ्यांतील हवा व ओल काढून, यंत्राच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच वायू काट्यावर तोलून भरावा. आर-४०४ए हा मिश्रवायू असल्यानें तो नळकांड्यांतून द्रवरूपानेंच घ्यावा.

हें काम शिकलेल्या कारागिराचें आहे. परंतु दोन्ही फरक वहींत लिहून घेणें हें मालकाचें काम होय. द्राक्षें शून्य ते एक अंशावर ठेवावीं लागतात. ऐन हंगामांत यंत्र थांबलें तर वर्षाची मेहनत खोलींतच नासते. यास्तव वहींत हे दोन आंकडे लिहिल्यावांचून कोणासही वायू भरूं देऊं नये.